एका धुराला गाव म्हणत नाहीत

खालचं त्सेलिंग
१४ नोव्हेंबर

अचे कुन्झेस,

जुले. मेमे लुंडुप उद्या पोथी वाचायला तुझ्याकडे निघालेत, त्यांच्या झोळीत ही चिठ्ठी घालतोय. वाटेत ते ती उघडून वाचणारच, तेव्हा मेमे, तुम्हालाही जुले.

यंदा पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याचं काम माझ्या घरावर आलंय, हे तुला कळलंच असेल. फौजेतून सुटल्यापासून नुसता बसून खातो म्हणून सून टोमणे मारायची, तिचं तोंड बंद झालं. माझं मात्र काल सकाळी उघडंच राहिलं. घराच्या धाब्यावर उभा होतो, तर दरीपलीकडे तुमच्या गावात सात धूर! अगं, पीक काढून सहाही घरं लेहजवळचे सरकारी प्लॉट घेऊन गेली, बायका ट्रकमध्ये रडत बसल्या होत्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तू तेवढी एकटी राहिलीस. मग बाकीच्या चुली कोण पेटवतंय? कुणी परत आलं का?

स्वतःच येऊन बघितलं असतं, पण नियम तुला माहीत आहे. पाट बंद झाल्यापासून पेरणीच्या मोजणीपर्यंत खालच्या पाटकऱ्यानं वाटणीचा धोंडा ओलांडायचा नाही आणि वरच्या गावचं काही खायचं नाही, चहाही प्यायचा नाही. ओलांडला तर त्या साली मोजणी बाद, मागच्या सालची वाटणी तशीच पुढं चालू. आजोबांच्या वेळी एक जण छांग पिऊन वरातीमागे नाचत पलीकडे गेला होता. त्याच्या पणतवंडांनाही आमचं गाव अजून ‘ओलांड्याची पोरं’ म्हणतं. मला तो मान नको.

म्हणून लिहून विचारतो. मोजणीच्या दिवशी ल्हूच्या, झऱ्यातल्या पाणदेवांच्या, ठाण्यावर हात ठेवून मला सांगायचंय, ‘नांदत्या चुलींचे धूर मी मोजले, ते इतके.’ जितके धूर, तितक्या तुमच्या पाण्याच्या पाळ्या. आणि एकच निघाला, तर एका धुराला गाव म्हणत नाहीत. मग अख्खा झरा खाली येतो. हे मी केलेलं नाही, आपल्या पूर्वजांनी केलंय.

खरं काय ते कळव.

तुझा मावसभाऊ,
मोरुप पाटकरी


वरचं त्सेलिंग
२ डिसेंबर

नोनो मोरुप,

सहीत ‘पाटकरी’ वाचून मला हसू आवरेना. ज्याचं नाक मी माझ्या बाहीनं पुसायचे, तो आता मला नियम शिकवतोय!

कोण आलं नि कोण गेलं, याच्याशी तुला काय करायचंय? तुझं काम धूर मोजायचं. चूल कुणाच्या हातानं पेटली, हे धुरावर लिहिलेलं नसतं. सात दिसले ना? मग सात मोज. पेरणीच्या दिवशीही सातच दिसतील. डोळे कमजोर झाले असतील, तर आत्ताच लेहला जाऊन चष्मा करून घे.

झऱ्याची खुशाली तू विचारली नाहीस, तरी सांगते. तांबड्या कड्याखाली, दगडांच्या घसरणीतून तसाच वाहतोय. ओढा वरपासून खालपर्यंत काचेसारखा झालाय, पण झऱ्याच्या तोंडाशी हात घातला तर अजून कोमट लागतं. काठचं शेवाळ हिरवंगार आहे. एवढ्या उजाड मुलखात थंडीतली हिरवी गोष्ट ती एकच. परवा रानगाढवांचा कळप पाणी प्यायला आला होता. माझी झोमो गाय त्यांच्याकडे अशी बघत होती, की जणू झरा तिच्या बापाचाच आहे. मला तिचं वागणं पटलं.

तुमचा मुखिया, गोबा नामग्याल, तिथं पाइप घालणार आहे, असं मेमे म्हणाले. पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांना अंघोळीला फवारे हवेत म्हणे. त्याला सांग, कुन्झेस अजून मेली नाही.

तुझ्यासाठी ताकाचे वाळवलेले छुर्पे बांधून ठेवले होते. मग आठवलं, तुला वरचं खाणं चालत नाही. मेमेंना दिले. त्यांनी ते तुझ्या नावानं खाल्ले.

कुन्झेस


खालचं त्सेलिंग
३० डिसेंबर

अचे,

लोसारच्या, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. सणाचं मी रोज पहाटे उठून धाब्यावर जातोय. सून म्हणते, सासरे देवभक्त झाले. मी तुझे धूर बघतो.

आता एक सांगू? रागावू नकोस. पहिला धूर नेहमी डावीकडच्या टोकाला, यांगझेसच्या घरातून निघतो. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. चहा प्यायला वेळ लागेल एवढ्या अंतरानं एकेक करत शेवटी उजव्या टोकाला, तुझ्या घरी. फौजेत आम्हालासुद्धा एवढी शिस्त नव्हती. सात घरं अशी रांगेत कधी जागी होत नाहीत, अचे. अशी फक्त एकच बाई चालते.

आणि तुझ्या स्वतःच्या घरचा धूर सगळ्यांत बारीक असतो. सगळ्या गोवऱ्या रिकाम्या घरांत जाळतेस आणि स्वतः गारठतेस. बरोबर ना?

मी अजून कुणाला बोललो नाही. पण गोबाच्या घरालाही धाबं आहे आणि त्यालाही डोळे आहेत. काल सभेत तो मला म्हणाला, “पाटकरी, शपथेत ‘नांदत्या चुली’ असं आहे. रिकाम्या घरात धूर करणं म्हणजे नांदणं नव्हे. तू एकच मोजायचास.” गावानं माना डोलावल्या. गावाचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. आमची चाळीस घरं. ऑगस्टात ओढा आटला, तेव्हा आमच्या बायका हंडे घेऊन नदीपर्यंत उतरत होत्या. आणि आता वर एकटी तू, एक झोमो, चार शेळ्या आणि अख्खा झरा. तूच सांग, मी लोकांना काय सांगू?

खाली ये. माझ्याकडे उन्हाची खोली आहे. आईची शेवटची वर्षं त्याच खोलीत गेली. तीही तुमच्याच गावची होती, पण इथं रमली. पाइप आला की तोच झरा तुझ्या दारातल्या नळाला येईल. एवढं तरी ऐक.

मोरुप


वरचं त्सेलिंग
२१ जानेवारी

नोनो,

काल सकाळचे धूर पाहिलेस? आधी मधला, मग उजवीकडचा, मग डावीकडून दुसरा. धावता धावता माझा जीव गेला, पण तुझं तोंड बघायला मी पैसे दिले असते.

तू लिहितोस, रिकाम्या घरात धूर म्हणजे नांदणं नव्हे. मग नांदणं म्हणजे काय, ते नामग्यालला विचार. सहा घरांच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. यांगझेसच्या चुलीवर मी थुक्पा शिजवते, तिथंच बसून खाते, तिथंच झोपते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. प्रत्येकाच्या देवघरात पाण्याच्या वाट्या मांडते, प्रत्येकाच्या धाब्यावरचा बर्फ ढकलते, प्रत्येकाच्या भिंतींशी भांडते. सात घरांत मी जेवढी नांदते तेवढा तुमचा नामग्याल स्वतःच्या घरात नांदत नाही. त्याची बायकोच तसं म्हणते.

उन्हाची खोली तुझ्याजवळ ठेव. मावशी तिथं रमली, असं तुला वाटतं. शेवटच्या वर्षी ती मला काय म्हणाली होती, ठाऊक आहे? “कुन्झेस, इथलं पाणी फिकं लागतं.” मुलाला बोलली नाही, मला बोलली.

राहिली तुमच्या चाळीस घरांची तहान. ती खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण पाइपानं ती भागणार नाही, उलट वाढेल. आठवतंय, लहान असताना आपण दोघं झऱ्याच्या कुंडात उतरलो होतो? तांबड्या मातीत दिवसभर नाचलो होतो. आणि दोन दिवसांनी तुमच्या गावात, ल्हूच्या ठाण्यापाशी, विलोच्या झाडांखाली तांबडं पाणी आलं. सगळं गाव घाबरून गोळा झालं, मेमेंच्या गुरूंनी तीन दिवस पूजा घातली आणि आपण दोघं शहाण्यासारखी रांगेत बसून प्रसाद खाल्ला. कळतंय का? वरचं पाणी कुरणात मुरतं आणि तुमच्या ठाण्यापाशी पुन्हा वर येतं. झरा पाइपात घातलात, की माझं कुरण वाळेल आणि त्याच्यामागून तुमचे विलो वाळतील. मग फवाऱ्याखाली उभं राहून रडा.

मी एकटी आहे म्हणून मला गाव मानायचं नाही, हा कुठला न्याय? मी असेन तोवर हे गाव आहे. मला कुणाची दया नको, खोली नको, नळ नको. मला माझ्या पाळ्या हव्यात.

कुन्झेस


खालचं त्सेलिंग
९ फेब्रुवारी

अचे,

घाईत लिहितोय. मेमे दारात उभे आहेत.

उद्या-परवा चार माणसं वर येतील. नामग्यालनं बाहेरून आणलीत. कुदळी घेऊन झऱ्याचं तोंड उकरून पाण्याचा जोर बघणार आहेत. मी सभेत ओरडलो, की थंडीत ल्हू झोपलेले असतात, वसंताच्या पूजेआधी झऱ्याची माती कुणी हलवत नाही. नामग्याल म्हणाला, “आम्ही हळू उकरू.” लोक हसले. मोजणी झालेली नाही, झरा अजून तुमचा आहे, हेही बोललो. कुणी ऐकलं नाही. ती माणसं पाटकरी नाहीत, त्यांना धोंडा अडवत नाही.

त्यांच्या नादाला लागू नकोस. दार लावून बस.

मोरुप


वरचं त्सेलिंग
१७ फेब्रुवारी

नोनो,

दार लावून बस म्हणतोस? कुठलं दार लावू, सात आहेत.

आले ते. चांगली पोरं होती, थंडीनं निळी पडलेली. मी त्यांना आधी चहा दिला. पिऊन उठले आणि कुदळी घेऊन झऱ्याकडे निघाले. मी मागोमाग. चार-पाच घाव त्यांनी घातले तेव्हा तांबडी माती भसकन कुंडात आली. मग मी काय केलं माहीत आहे? सरळ पाण्यात शिरले आणि झऱ्याच्या तोंडावर बैठक मारली. गोंचा, बूट, सगळ्यासकट.

त्यांच्यातला मोठा म्हणाला, “आमा-ले, उठा, मराल.”

मी म्हटलं, “पाणी कोमट आहे. तुम्हीच वर उभे राहून मराल.”

“आम्हाला काम दिलंय.”

“मलाही दिलंय. माझं तुमच्याहून जुनं आहे.”

झोमोही आली आणि माझ्या बाजूला पाण्यात उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ऊन कड्याआड जाईपर्यंत वाट बघितली. मग एक जण म्हणाला, “हिला उचलायचं असेल तर गोबानं स्वतः यावं.” कुदळी खांद्यावर टाकून निघून गेले.

नामग्यालला सांग, झरा रिकामा नाही. कुणीतरी बसलंय त्यावर.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, ते शाई गोठल्यामुळं. बाकी मी ठणठणीत आहे.

कुन्झेस


खालचं त्सेलिंग
२८ मार्च

अचे,

शाई गोठली म्हणे. शाई गोठली की अक्षर फिकं होतं, डाव्या हातानं लिहिल्यासारखं होत नाही. मेमेंना मी छांग पाजली आणि त्यांनी सगळं सांगितलं. झऱ्यातून उठून येताना ओल्या बुटांनी बर्फावर घसरलीस. उजवा हात कोपराखाली मोडलाय. फळ्या बांधल्यात, पण हाड नीट बसलेलं नाही. मला कळवू नका म्हणून मेमेंना शपथ घातली होतीस. ज्या म्हाताऱ्याला गोड छांग आवडते त्याला शपथ घालून काय उपयोग?

धूरही तेच सांगतात. महिनाभर चार होते. मग दोन. गेले सहा दिवस एकच आहे. गावात सगळ्यांना दिसतंय. नामग्याल धाब्यावर बसून जर्दाळू खातो आणि मोजतो. एक मोजायला त्याला फार वेळ लागत नाही.

अजून एक. तू झऱ्यात बसलीस त्याच्या दोन दिवसांनी ठाण्यापाशी तांबडं पाणी आलं. मी स्वतः ओंजळीत घेऊन पाहिलं. जीभ लावून पाहिली. आपण नाचलो होतो तीच माती. नामग्यालनं लोकांना सांगितलं, उंदरांनी बीळ केलं असेल. मी त्याच्या तोंडावर म्हटलं, “हे वरच्या झऱ्याचं पाणी आहे, तिथं हात लावलात तर इथलंही जाईल.” तो म्हणाला, “पाटकरी आपल्या बहिणीची बाजू घेतो.” झालं. त्यापुढं मी बोललेलं सगळं बहिणीपायीच झालं.

अचे, ठाण्यावर हात ठेवून मला खोटं बोलता येणार नाही. एकच धूर दिसला, तर मला एकच सांगावा लागेल. मोजणी पाच मेला आहे. लेहला जा, हात दाखव, कुणाला तरी घेऊन ये. एक तरी माणूस आण. हात जोडतो.

मोरुप


वरचं त्सेलिंग
१६ एप्रिल

नोनो,

डाव्या हाताला आता सवय झाली आहे. वाचता येईल तुला.

लेहला जाणार नाही. मी धोंड्याखाली उतरले, की इथं शून्य धूर. नामग्याल त्याचीच वाट बघतोय. सहा घरांना एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडलाय. निरोपाचं काही खरं नसतं, त्यामुळं त्यावर विसंबून राहू नकोस.

गोवऱ्या आहेत, पण एका हातानं टोपली भरून सात दारं चढता येत नाहीत. करून पाहिलं. दोनदा पडले. शेळ्या हसल्या.

माझ्यासाठी खोटं मोजू नकोस. ऐकतोयस ना? हात जोडून मागितलेल्या पाळ्या मला नकोत. जो दिसेल तो मोज. एक तर एक. तो एक मी असा करीन, की नामग्यालच्या नाकात जाईल. आणि पाइप घेऊन आले की पुन्हा झऱ्यावर बसेन. आता तर मला उठताही नीट येत नाही, म्हणजे माझं बसणं पक्कं.

कुन्झेस


खालचं त्सेलिंग
११ मे

अचे,

तुझ्या दारात पोचलो, तेव्हा तू मला एवढ्या शिव्या घातल्यास, की खाली काय घडलं ते सांगायचं राहूनच गेलं.

पाच तारखेला सगळं गाव ल्हूच्या ठाण्यापुढं, धोंड्यापाशी जमलं होतं. नामग्याल नवा गोंचा घालून आला होता. मेमेंनी धूप पेटवला, दूध शिंपडलं. मी वर पाहिलं. एकच धूर, पण काय धूर! काळा, जाडजूड, सरळ आभाळात. तू त्यात काय घातलं होतंस? जुना जोडा? पोरं टाळ्या वाजवायला लागली.

नामग्याल म्हणाला, “मोरुप, मोज.”

मी म्हटलं, “मोजतो. पण घसा कोरडा पडलाय.”

“मग पाणी पी आणि मोज.”

“पाणी नको. चहा हवा. पलीकडे चांगला मिळतो.”

एवढं बोलून मी धोंडा ओलांडला. दिवसाढवळ्या, शुद्धीत, चाळीस घरांच्या डोळ्यांदेखत. क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग नामग्यालच्या लक्षात आलं, की मोजणी बाद झाली, मागच्या सालचे सात धूर तसेच पुढं आले, आणि पाइपाला वर्षभर हात लावता येणार नाही. तो मागून ओरडत होता, “मोरुप, परत फिर, अजून कुणी पाहिलं नाही असं समजू!” अख्खं गाव उभं होतं आणि कुणी पाहिलं नाही म्हणे! मी तसाच चालत राहिलो. पाठीवर गोवऱ्यांचं पोतं होतं, ते मी सकाळीच भरून विलोमागे ठेवलं होतं. म्हणजे छांग प्यालो होतो असं कुणी म्हणायला नको.

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगून तुमचं गाव मोडायचं नव्हतं. तिसरी वाट पायापुढंच पडलेली होती. महिनाभर ती मला दिसली नाही, एवढा मी शहाणा.

आता शिक्षा ऐक. पाटकऱ्याची काठी काढून घेतली. यंदा माझ्या शेताला सगळ्यात शेवटी पाणी. सून बोलत नाही, ताट आपटते. परवा शेजारची पोरं माझ्या नातवाला ‘ओलांड्याचा, ओलांड्याचा’ म्हणून चिडवत होती. त्यानं एकाला ढकललं आणि म्हणाला, “हो, आहे! तुझ्या आजोबांत आहे का हिंमत?” मी भिंतीमागे उभा होतो. मला फार बरं वाटलं.

तुझ्या हातच्या चहात मीठ जास्त होतं. तरी तीन वाट्या प्यालो.

पण अचे, हे एका सालापुरतंच आहे. पुढच्या मोजणीला नवा पाटकरी असेल आणि तो काही धोंडा ओलांडणार नाही. तोवर काय करशील?

मोरुप ओलांड्या


वरचं त्सेलिंग
२ जून

नोनो ओलांड्या,

ही सही तुला शोभते. पहिली शोभत नव्हती.

तू मला हात जोडायला लावले असतेस, तर मी तुला दारात उभं केलं नसतं. पण तू आलास तो पोतं घेऊन, ताठ मानेनं, मागे गाव ओरडत असताना. चहा करताना माझं लक्ष तुझ्याकडेच होतं. मीठ म्हणूनच जास्त पडलं.

सातू पेरून झालं. अर्धं शेत तू इथं होतास तेव्हा पेरलंस, अर्धं मी एका हातानं, त्यामुळं ओळी बघून झोमोसुद्धा तोंड फिरवते. पाणी पाळीप्रमाणे सोडलं. कुरणाचं पाणी कुरणात मुरतंय, तुमचे विलो हिरवे असतील. नामग्यालला सांग, फुकट आहे, आभार मानू नकोस.

पुढच्या सालाचं विचारलंस. ट्रकवाल्याबरोबर सहा घरांना मी काय निरोप धाडला होता, ते तुला सांगितलं नव्हतं. ‘तुमच्या किल्ल्या माझ्या कमरेला जड झाल्यात. येऊन घेऊन जा आणि चूल पेटवा, नाहीतर सगळ्या झऱ्यात टाकते.’ पाच घरांकडून काही उत्तर नाही. मी त्यांना सोडणार नाही.

काल संध्याकाळी मी झऱ्यावरून हंडा भरून येत होते, तर धोंड्याकडून एक बाई येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. यांगझेस. मला बघून लांबूनच भांडायला लागली, “किल्ली टाकली असतीस तर बघितलं असतं तुला!” जवळ आल्यावर म्हणाली, “अचे, तिथं टँकरमागे हंडा घेऊन पळायला लागतं. पळायचंच तर आपल्या झऱ्याकडे पळेन.” मग झऱ्यापाशी बसली आणि पोराला पाणी पाजलं. मी तिची किल्ली काढून दिली. कंबर जराशी हलकी झाली.

आता माझं एक काम कर. मेमे आत्ताच ही चिठ्ठी घेऊन उतरतायत, तेव्हा उद्या सकाळी धाब्यावर जा. नामग्यालला पण बोलाव, जर्दाळू घेऊन ये म्हणावं. ऊन कड्यावर आलं की बघा. डाव्या टोकाला यांगझेस आणि उजव्या टोकाला मी, दोघी एकदमच चूल पेटवणार आहोत.

कुन्झेस